पालखीखालची अर्धी बैठक

सर,

तुम्हाला हे मुळीच रुचणार नाही, तेव्हा आडवळण न घेता आधीच सांगून मोकळा होतो. मी आता अर्धीच बैठक मारतो. तीही मारुतीसमोर लंगोट कसून नव्हे. रत्नागिरीत एका हार्डवेअरच्या दुकानावर व्यायामशाळा निघाली आहे, तिथे भिंतभर आरशासमोर, खांद्यांवर लोखंडी बार घेऊन, माझ्या मुलीपेक्षाही लहान अशा एका पोरीच्या हुकमावर. मांडी आडवी व्हायच्या बरंच आधी ती म्हणते, "बास, काका. आता वर." आणि मी निमूटपणे वर येतो. तुम्ही असतात तर गळ्यातली शिट्टी फेकून मारली असतीत. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि मेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसण्याइतका मी हळवा नाही हे तुम्ही जाणता. पण यंदाच्या शिमग्यात आमच्या अंगणात जे झालं ते मला कोणाला तरी सांगायचंच आहे, आणि जिवंत माणसांत ते सांगायची सोय नाही. का नाही, ते पुढे कळेल.

तुम्ही आमच्या शाळेवर व्यायामशिक्षक म्हणून आलात तेव्हा घाटावरचा पैलवान कसा असतो ते बघायला अर्धं गाव कुंपणाशी जमलं होतं. कान मोडलेले, मान जवळपास नाहीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. पहिल्याच दिवशी तुम्ही आम्हाला शाळेमागच्या सड्यावर नेलंत आणि तापल्या कातळावर रांगेत उभं केलंत. "बैठक म्हंजी काय? टाचंला बूड लागाय पायजे. लागलं न्हाई तर मी मोजणार न्हाई." आम्ही पेज आणि सुक्या मासळीवर वाढलेली काटकुळी पोरं, आम्हाला ही भाषाच अर्धी कळायची. मी सगळ्यांत लबाड. तुमची पाठ फिरली की निम्म्यातूनच उठायचो. तुम्हाला पाठीलाही डोळे होते. एकदा सगळ्या वर्गापुढे मला ओढून उभं केलंत आणि म्हणालात, "अर्ध्यातनं उठणारा गडी आयुष्यात कुठंच पोचत न्हाई. अर्धी बैठक ही बैठक न्हवं, वाण्याला घातल्याला नमस्कार हाय त्यो." वर्ग खो खो हसला. मला मात्र ते इतकं लागलं की त्या दिवसापासून मी कुठलीच गोष्ट अर्धी सोडली नाही, नको त्याही. रटाळ कीर्तनं शेवटच्या आरतीपर्यंत ऐकली. लग्न झाल्यावर बायकोने पहिल्यांदा केलेली खारट आमटी वाटी पुसून संपवली, आणि तिला वाटलं मला तशीच आवडते, म्हणून पुढे वर्षभर तशीच झाली.

रविवारी तुम्ही मला खोलीवर बोलवायचात. त्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह होता आणि त्याच्यापेक्षा मोठा आवाज तुमचा. मासळीला तुम्ही हात लावला नाहीत. म्हणायचात, "जेवताना मला कुस्ती खेळायची न्हाई, काटं कोण काढंल." घरून आणलेलं तिखट घालून तुम्ही मटणाचा रस्सा करायचात, वर बोटभर तांबडी तर्री. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून आणि नाकातून एकदमच धारा लागल्या. तुम्ही पळी हातात धरून बघत राहिलात आणि एकदम मऊ आवाजात विचारलंत, "काय रं, आई आठवली व्हय?" माझी आई तिथून हाकेच्या अंतरावर भात कांडत होती. पण तुमचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, म्हणून मी होय म्हणालो. तुम्ही आणखी एक पळी वाढलीत. मला अजून ती चव आठवली की घाम फुटतो, आणि अजून वाटतं की त्या खोलीत परत एकदा जेवायला मिळावं. मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तुमच्या तेल पिऊन काळ्या झालेल्या दोन मुद्गलांपैकी एक मला दिलंत. दुसरं स्वतःला ठेवलंत. माझं मी वर्षभर फिरवलं. आता आमच्या मागल्या दाराला वाऱ्यात आपटू नये म्हणून ते लावलेलं असतं, आणि तेवढं काम ते चोख करतं.

आमच्या शिमग्याला तुम्ही एकदाच आलात. त्या दिवसाची आठवण काढायला मला फार आवडतं, म्हणून तुम्हाला ठाऊक असलं तरी सगळं लिहितो. देवीची रुपं, म्हणजे चांदीचे मुखवटे, पालखीत लागतात, पालखी सजते आणि वाडीतल्या घराघरात येते. अंगणात आली की दोघे पुढे, दोघे मागे असे दांडा खांद्यावर घेऊन ती नाचवतात, आणि पुढच्या दोघांत एक त्या घरचा कर्ता असतो. नाचवणं म्हणजे ढोलाच्या ठेक्यावर गुडघ्यात जरासं वाकायचं, उठायचं, फिरायचं. जरासंच. मग ओटीची वेळ येते. आमच्या वाडीत पालखी अंगणात टेकवत नाहीत. चौघे तशाच अर्ध्या बैठकीत वाकून ती खाली धरतात, घरची बाई देवीची ओटी भरते, आणि चौघे एकदम उठतात. हे सगळं माझ्या वडिलांनी तुम्हाला समजावून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत, मोठ्या मानाने पुढचा दांडा घेतलात, आणि ढोल वाजल्याबरोबर टाचेला बूड लावून पुरे खाली बसलात. शेजारी माझे वडील दांड्याला लोंबकळले. मागचे दोघे चवड्यांवर आले. देवीच्या गळ्यातले हार घसरून तुमच्या डोक्यावर. गुरव ओरडतोय, "अवो मास्तर, उठा, देवी कलली," आणि तुम्ही तसेच बसून ठसक्यात विचारताय, "मोजलं का?" संध्याकाळी काजूच्या झाडाखाली बसून घाम पुसताना तुम्ही निकाल दिलात. "तुमची देवी अर्ध्या बैठकीवर खूश हाय. म्हणून तुम्ही कोकणी असं." वडील गेले तोवर ही गोष्ट सांगताना त्यांना ठसका लागायचा.

आता माझ्या गुडघ्याकडे येतो. सगळं आयुष्य मी विजेच्या खांबांवर चढण्या-उतरण्यात काढलं. निवृत्त झालो आणि उजवा गुडघा माझ्याही आधी निवृत्त झालेला निघाला. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, उकिडवं बसणं बंद, घरात खुर्चीसारखा संडास करून घ्या. मागच्या अंगणात तेवढी एकच जागा होती आणि तिथे जुनं रातांब्याचं झाड. मी घुटमळलो. बायको म्हणाली, "झाड परत लावता येईल, तुमचा गुडघा कुठे लावायचा?" आणि तिनेच माणूस बोलावून ते तोडून घेतलं. वाडीतली चार म्हातारी माणसं कुजबुजली की त्या झाडाखाली राखणदाराची, वाडी राखणाऱ्या देवाची, जागा होती, विचारायला हवं होतं. तिने तिकडे कानाडोळा केला. संडास छान झाला. पांढऱ्या फरशा, वर कौलं, आत बसल्यावर खिडकीतून आंब्याचा मोहोर दिसतो. महिनाभर मी राजासारखा होतो.

मग गेल्या वर्षीचा शिमगा आला. गुडघा दुखत होता, पण घरचा कर्ता असून पालखी दुसऱ्याच्या खांद्यावर द्यायची म्हणजे गावात तोंड दाखवायला नको. पट्टा बांधला आणि शिरलो दांड्याखाली. नाच कसाबसा निभावला. ओटीसाठी वाकलो. बायको नऊवारी नेसून, नथ घालून आली, तिने मनापासून ओटी भरली, नमस्कार केला. उठायची वेळ झाली आणि माझा गुडघा अडकला. खाली जाईना, वर येईना. गंजलेली बिजागरी बघितलीत ना, तसा. मी उठत नाही म्हणून पालखी उठत नाही, पालखी उठत नाही म्हणून ढोल थांबला, आणि ढोल थांबल्याबरोबर सगळं अंगण गप्प. कोणीतरी मागून म्हणालं, "देवी अडली." मी म्हटलं, "अरे देवी कसली, माझा गुडघा अडलाय." शेजारी दांड्याखाली असलेला आमचा शेजारी गंभीरपणे म्हणाला, "गुडघ्याचं मागनं बघू, आधी देवीचं बघूया."

गुरव पुढे आला. त्याने हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. सर, त्या गुरवाचं गाऱ्हाणं म्हणजे एसटीसारखं आहे, प्रत्येक वाडीत थांबतं. "हे आई महामाये, बारा-पाचाची मालकीण तू, आज तुझ्या लेकराच्या अंगणात येऊन उभी राहिलीस." सगळे म्हणाले, "होय महाराजा." "कोणी वेडंवाकडं बोललं असेल." "होय महाराजा." "कोणी नवस करून फेडला नसेल." "होय महाराजा." मी अर्ध्या बैठकीत, खांद्यावर देवी, मांडीत कळा, तोंडातून "आई गं" बाहेर पडतंय, आणि बायाबापड्या कौतुकाने म्हणतायत की बघा, कसा तोंडभरून धावा करतोय. मी पुन्हा म्हटलं, "माझा गुडघा—" तर गुरवाने डोळे न उघडता हातानेच मला गप्प केलं. मग तो म्हणाला, "कोणी न विचारता तुझ्या राखणदाराचं झाड तोडलं असेल," आणि तेव्हाचं "होय महाराजा" इतकं दणदणीत झालं की दगडी गडग्यावरची मांजर पळाली. त्याच क्षणी शेजाऱ्याचा भाऊ माझ्या बाजूने आत शिरला, दांडा त्याच्या खांद्यावर गेला, आणि पालखी उठली. झालं. निकाल लागला. ढोल वाजायला लागले. मला दोघांनी उचलून पडवीत नेऊन ठेवलं, आणि सगळं गाव माझ्या बायकोकडे बघायला लागलं.

त्या दिवसापासून तिच्या नावावर ते बसलं. हिची ओटी घेतली आणि देवी उठेना. तोंडावर कोणी बोललं नाही, पण हळदीकुंकवाला गेली की बाया जरा जास्तच गोड बोलायच्या. मी पाणवठ्यापासून देवळापर्यंत प्रत्येकाला धरून सांगितलं की गुडघा होता, गुडघा होता. ते म्हणायचे, "व्हय रे, पण गुडघा नेमका तेव्हाच का अडला?"  हे मी डॉक्टरलाही विचारून आलो, सर. तिने शेवटी स्टुलावर चढून नव्या संडासाच्या वरच्या कडीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. मला म्हणाली, "पालखी या अंगणातून धड उठेल तेव्हा उघडीन." मी म्हटलं, अगं तो संडास माझ्यासाठी बांधलाय. ती म्हणाली, "म्हणूनच." त्यामुळे रोज सकाळी जुन्या संडासात मी तुमची पूर्ण बैठक मारत होतो, आणि उठताना वाशाला बांधलेली दोरी धरत होतो. तेही चाललं असतं. पण गौरीच्या दिवसांत ती एकदा तांदूळ निवडताना खाली मान घालून म्हणाली, "पुढच्या शिमग्याला मी काय ओटी भरणार नाही हो. माझ्या हातचं तिला चालत नसेल तर उगीच कशाला." लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिची ओटी एकदाही चुकली नव्हती. तापात असताना भरली आहे, मुलगी पोटात असताना भरली आहे. मला ते ऐकवेना. माझ्या एका गुडघ्यापायी माझ्या बायकोला वाटायला लागलं की देवीने तिला नाकारलं. म्हणून मी व्यायामशाळेत गेलो, सर. दुसरं काही कारण नव्हतं.

तिथे शिकवणारी पोरगी बंदरावरच्या मुसलमान घरातली. वडील जहाजावर, आणि ही डोक्याला रुमाल घट्ट बांधून वजनं उचलते. विद्यापीठाची बक्षिसं भिंतीवर लावली आहेत. मी पॅन्टवर पट्टा बांधून गेलो तर तिने विचारलं, "काका, कशासाठी करायचंय? वजन कमी करायला?" मी म्हटलं, "पालखी उचलायला." ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या दारातही येते. ओटीला वाकून धरतात तेव्हा बघितलंय मी. ती अर्धी बैठकच ना. मग तेवढीच करू, पण नीट करू." मी मनात म्हटलं, पोरी, बैठक मला शिकवतेस? कातळावर घामाचं डबकं पाडलंय मी. रिकामा बार तिने रॅकवर ठेवला होता. मी त्याच्याखाली शिरलो, उचलला, आणि डोक्यात तुमचा आवाज आला, टाचंला बूड. गेलो की खाली. पुरा. मग तिथेच. बार रॅकच्या आडव्या दांड्यांवर टेकला म्हणून मी वाचलो, आणि कानात गाणी घातलेल्या दोन कॉलेजच्या पोरांनी मला बगलेत धरून उभं केलं. ती शांतपणे म्हणाली, "कोणी शिकवलं तुम्हाला हे?" मी तुमचं नाव सांगितलं नाही.

मग तिने पहिल्यापासून घेतलं. बार मानेच्या हाडावर नाही, खाली, खांद्यांमागच्या मांसावर. हाताने घट्ट धरायचा, कोपरं खाली. पाय खांद्याएवढे फाकलेले, चवडे किंचित बाहेर. आधी श्वास घेऊन पोट आवळायचं, जसं कोणी गुद्दा मारणार आहे. मग बूड मागे न्यायचं, मागे खुर्ची आहे असं समजून, आणि गुडघे चवड्यांच्या दिशेने जाऊ द्यायचे. टाच उचलायची नाही. छाती पडू द्यायची नाही. आणि जिथे दुखायला सुरुवात होते त्याच्या जरा अलीकडे थांबायचं, उसळी न मारता, आणि पाय जमिनीत रोवून वर यायचं. मागे तिने एक उंच बाकडं ठेवलं. बूड त्याला लागलं की वर. सांगायला सोपं. माझे गुडघे उठताना एकमेकांना भेटायला धावायचे. "काका, गुडघे आत येतायत." मी म्हणायचो, येऊ देत, जुने मित्र आहेत. ती म्हणायची, "परत." तुमचंच "परत" होतं ते, फक्त आवाज बारीक. एक दिवस मी वैतागून म्हटलं की माझे गुरुजी याला वाण्याला नमस्कार म्हणायचे. ती दुसऱ्या बारच्या वजनाच्या प्लेटा उतरवता उतरवता म्हणाली, "घाईत केली तर नमस्कारच होतो. म्हणून सावकाश करा. खाली थांबून दाखवा." थांबलो. मांड्या अशा थरथरल्या की आरशात माझा चेहरा धड दिसेना. तेव्हा कळलं की लहानपणी मी जी चोरून मारायचो ती ही नव्हे.

घरी येताना बसमध्ये मला तुमच्या गावी आलो होतो तो दिवस आठवायचा. तुम्ही निवृत्त होऊन घाटावर गेलात, आणि पुष्कळ दिवसांनी मी तुम्हाला भेटायला आलो. तुम्ही अंगणात खुर्चीवर बसला होतात. उठला नाहीत. मला वाटलं मास्तर रागावले, इतक्या वर्षांनी आलो म्हणून. मग चहाची कपबशी घेताना तुमचा चष्मा खाली पडला आणि तुम्ही तो उचललाच नाहीत, नुसते बघत राहिलात. मी वाकून दिला. तुम्ही म्हणालात, "गुडघं गेलं रं." एवढंच. आणि लगेच सुनेवर ओरडलात की पोराला रस्सा वाढ. त्या वेळी मला काही सुचलं नाही. आता बार खांद्यावर घेतला की सुचतं. तुम्हालाही कोणीतरी वेळेवर "बास, आता वर" म्हणायला हवं होतं, सर. रागावू नका. तुमच्यावर माझा फार जीव होता, आणि तो चष्मा तुम्ही स्वतः उचलायला हवा होता असं मला अजून वाटतं.

पावसाळा गेला, थंडी गेली. बारला प्लेटा लागल्या, आधी पावाएवढ्या, मग थाळीएवढ्या. माघात त्या पोरीने एकाच खांद्यावर वाळूची लांब पिशवी द्यायला सुरुवात केली. म्हणाली, "दांडा काय दोन खांद्यांवर नसतो." गुडघा कुरकुरायचा, पण अडकायचा नाही. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला वाटायचं मी पेन्शनीच्या कामाला जातो, आणि इतकं कसलं काम असतं म्हणून ती संशयाने बघायची. शिमग्याच्या आदल्या दिवशी मी तिला म्हटलं, "उद्या ओटी भरशील ना?" ती म्हणाली, "तुम्ही दांड्याखाली जाऊ नका, आणि मी ओटीला येत नाही. गप घरात बसू दोघं." मी म्हटलं, मी जाणार. ती म्हणाली, "मेलं, या माणसाला अक्कल कधी यायची," आणि आत गेली.

दुपारी उन्हं कलताना पालखी आमच्या बांधावर आली. मी पुढे होऊन दांडा घेतला तेव्हा चार जणांनी मला अडवलं. शेजारी म्हणाला, "बाबा, गेल्या वर्षाचं विसरलास?" मी म्हटलं, "तू तुझ्या बाजूचं बघ." ढोल सुरू झाला. आणि सर, मी नाचवली. पाय रोवून, छाती वर ठेवून, हव्या तितक्याच वाकण्यात. मागचे दोघे माझ्यापेक्षा तरुण, पण तिसऱ्याच फेरीला धापा टाकायला लागले. मला मनातल्या मनात हसू येत होतं. मग ओटीची वेळ झाली. आम्ही चौघे वाकलो. पालखी बाईच्या हाताशी आली. आणि बाई नाहीच.

रीत अशी की घरची बाई आली नाही तर जरा थांबून शेजारीण कुंकू लावते आणि पालखी पुढच्या घरी जाते. शेजारीण पुढे सरकलीही. शेजाऱ्याने खूण केली, उठूया. मला उठता येत होतं. गुडघा ठणठणीत होता, श्वास पुरेसा होता. पण मी उठलो, तर पालखी या अंगणातून हिच्या ओटीवाचून जाणार आणि हिला जन्मभर वाटत राहणार की बरोबरच झालं. मी उठलो नाही. शेजाऱ्याने कुजबुजून म्हटलं, "अरे उठ की." मी समोर बघत राहिलो. मी उठत नाही म्हणून कोणालाच उठता येईना. ढोल थांबला. अंगण गप्प झालं. मागून एकजण कळवळून म्हणाला, "आईशपथ, मांड्या पेटल्या." आणि मग पुन्हा तेच, गर्दीतून, हळूच, "देवी अडली."

गुरवाने हात जोडले. मी मनात म्हटलं, घाल बाबा गाऱ्हाणं, आज कितीही लांब घाल. "हे आई महामाये, तू आज पुन्हा या अंगणात थांबलीस." "होय महाराजा." "काय हवं नको ते आम्हा अजाण लेकरांना कळू दे." "होय महाराजा." मागचे दोघे इतक्या जोरात होय म्हणत होते की ते लवकर संपावं म्हणून म्हणतायत हे कोणालाही कळलं असतं. गुरवाने डोळे उघडले, इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाला, "या घरची लक्ष्मी कुठे आहे?" सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती, साध्या पातळात, पदराला हात पुसत. आणि तिच्या मागे, चुलीशेजारी, सुपात सगळं मांडून ठेवलेलं होतं. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी. येणार नाही म्हणालेल्या बाईने सकाळीच तयारी करून ठेवली होती. ते सूप मला वाकलेल्या जागेवरून दिसलं, आणि मांडीतली कळ कुठल्या कुठे गेली.

ती सूप घेऊन धावतच आली. येताना आधी माझ्याकडे बघून दातओठ खाऊन म्हणाली, "गुडघ्याचं काय करून घेतलंत पुन्हा." तिने ओटी भरली. घाईत थोडे तांदूळ सांडले. देवीला म्हणाली, "आई, माझ्यासाठी थांबलीस होय गो," आणि मग तिला रडू आवरेना. मी तेव्हा उठलो. टाचा जमिनीत, गुडघे बाहेर, सावकाश, एका सरळ रेषेत. पालखी अशी वर गेली की देवीच्या गळ्यातलं एक फूलही हललं नाही. मागचे दोघे कसेबसे माझ्यामागून आले. गुरवाने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिच्या हातची ओटी घेतल्याशिवाय आई हलत नव्हती." आणि होय महाराजा झालं ते पल्याडच्या वाडीत ऐकू गेलं असेल. संध्याकाळपर्यंत बाया हिच्या पाया पडायला येत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलेलं होतं.

म्हणून हे कोणाला सांगायची सोय नाही, सर. गावाला सांगितलं तर हिचा मान जातो, आणि हिला सांगितलं तर तिची देवी जाते. हे पत्र तुम्हाला पोचण्यातलं नाही, आणि घरात ठेवलं तर ती उशाखालूनही शोधून काढील, तेव्हा आज पाणी तापवायच्या चुलीत घालणार आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. काल ती मुलीला फोनवर सांगत होती, देवी कशी थांबली, किती वेळ थांबली, कोणाला कशी हलवता आली नाही. ऐकायला मी दारात उभा राहिलो. मी तिथे होतो, दांडा माझ्या खांद्यावर होता, कोण थांबलं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तरी ती सांगत होती तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.